ॲनालॉग स्विचचा मिक्सर: शॉर्टवेव्ह रिसीव्हरसाठी चिप तपासायची कशी

संध्याकाळ झाली की ७.२ मेगाहर्ट्झच्या वर प्रसारण केंद्रांची गर्दी होते. त्यांना खेटूनच, ७.० ते ७.२ मध्ये, हॅम मंडळींचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, ४० मीटर पट्टा आहे. २००९ पासून आपल्या भागात या दोघांची हद्द कागदावर ठरलेली आहे, पण अँटेना हद्द पाळत नाही, तो सगळेच आत घेतो. मग ७.२५० आणि ७.३५० वरची दोन तगडी केंद्रे मिक्सरमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागात, एकमेकांत मिसळतात आणि ७.१५० वर तिसरेच भूत बोलायला लागते. दुप्पट ७.२५० मधून ७.३५० वजा करून पाहा.

हे भूत किती मोठे असेल ते कागदावरच काढता येते. एस-९, म्हणजे सिग्नल मीटरवरची जोरदार सिग्नलची खूण, −७३ डीबीएमची असते (डीबीएम म्हणजे १ मिलीवॉटच्या तुलनेत किती डीबी). एस-९ च्या वर ४० डीबी असलेली दोन केंद्रे म्हणजे प्रत्येकी −३३ डीबीएम. मिक्सरचा इनपुट आयपी३ (मोठ्या सिग्नलपुढे तो किती टिकतो त्याचा आकडा, जितका वर तितका चांगला) माहीत असला तर भुताची पातळी म्हणजे केंद्राच्या पातळीची तिप्पट, वजा आयपी३ ची दुप्पट. एनई६०२ या लाडक्या चिपचा आयपी३ सुमारे −१५ डीबीएम धरला तर उत्तर येते −६९ डीबीएम. म्हणजे भूत एस-९ पेक्षाही मोठे! आयपी३ +२० असलेला मिक्सर घेतला तर तेच भूत −१३९ डीबीएमवर जाते आणि पट्ट्याच्या नेहमीच्या खरखरीखाली गाडले जाते. सगळा फरक मिक्सरचा.

डायोड-रिंग मिक्सर हे काम बरे करतो. एडीई-१ सारख्या तयार डब्यांचा आयपी३ साधारण +१५ डीबीएम असतो, पण त्यांना एलओची, म्हणजे रिसीव्हरच्या आतल्या लोकल ऑसिलेटरची, +७ डीबीएम ताकद पाजावी लागते. ॲनालॉग स्विच चिपला ताकद लागत नाही, फक्त शून्य आणि पाच व्होल्टचा स्वच्छ चौकोनी सिग्नल लागतो. इंग्लंडच्या कॉलिन हॉराबिन यांनी १९९०च्या दशकात मांडलेला एच-मोड मिक्सर आणि अमेरिकेच्या डॅन टेलो यांचा २००१ मध्ये पेटंट मिळालेला डिटेक्टर, दोन्हींच्या मुळाशी स्विचच आहेत. एफएसटी३२५३ ही चिप तर पुढे असंख्य एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओच्या) किटांमध्ये जाऊन बसली.

हा लेख रिसीव्हर बांधण्याचा नाही. हाताशी असलेली स्विच चिप मिक्सर म्हणून कितपत चालेल, हे घरच्या घरी तपासण्याचा आहे. माझे मत आधीच सांगतो: नवशिक्याचा मिक्सर खराब निघतो तेव्हा बहुतेक वेळा दोष चिपचा नसतो, एलओ, बायस (स्विचला दिलेले स्थिर डीसी व्होल्टेज) किंवा टर्मिनेशनचा (दोन्ही टोकांना योग्य रोध दिसण्याचा) असतो. म्हणून तपासणी डीसीपासून सुरू करून एकेक पायरी वर चढायची. उडी मारून थेट अँटेना लावलात तर काय बिघडले आहे ते कळणारच नाही.

कोणत्या चिप, कोणते सामान

तुलनेसाठी तीन चिप घ्या: जुनी सीडी४०६६बी, तिची वेगवान बहीण ७४एचसी४०६६ आणि बस-स्विच जातीची ७४सीबीटी३१२५, किंवा तिचीच एफएसटी३१२५ ही आवृत्ती. पहिल्या दोघींचे पिन सारखेच, त्यामुळे एकाच सॉकेटमध्ये आलटून पालटून बसतात. तिसरीचे पिन वेगळे आहेत आणि ती बहुधा बोर्डच्या पृष्ठभागावर डाग द्यायच्या छोट्या एसएमडी रूपातच मिळते, म्हणून तिला लांब पायांचे (डीआयपी) रूप देणारी एसएमडी-टू-डीआयपी ॲडॅप्टर प्लेट घेऊन ठेवा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली यांच्या आसपास पहिल्या दोन चिप मागाल तिथे मिळतील. सीबीटी मात्र सहसा ऑनलाइनच मागवावी लागते.

बाकीचे सामान: ७४एचसीटी८६ ही एक्सॉर गेटची एक चिप, हवी ती फ्रिक्वेन्सी देणाऱ्या एसआय५३५१ ची दोन मॉड्यूल (शेवटची दोन-सुरी चाचणी करायची असेल तर तीन) आणि ती चालवायला अर्डुइनो नॅनो, एफटी३७-४३ टोरॉइड, ०.१ मायक्रोफॅरडचे मूठभर सिरॅमिक कपॅसिटर, १० किलोओहमचा प्रीसेट, ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर, मल्टिमीटर आणि टायनीएसए. टायनीएसए हा खिशात मावणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर आहे. तो जनरेटर म्हणूनही चालतो, पण एका वेळी एकच काम. म्हणून सिग्नलसाठी वेगळे मॉड्यूल.

ब्रेडबोर्ड टाळा. कॉपर-क्लॅड बोर्डचा तुकडा घ्या, तांब्याची बाजू वर ठेवा आणि तीच ग्राउंड समजा. सॉकेट उताणे चिकटवून थेट पिनांना डाग दिलेत तरी चालते. दिसायला ओबडधोबड, पण ७ मेगाहर्ट्झवर छान वागते.

पहिली पायरी: नुसता मल्टिमीटर

स्विच चालू असतानाही पूर्ण चालू नसतो, त्याचा काही रोध उरतो. डेटाशीटप्रमाणे ५ व्होल्टवर सीडी४०६६बी चा हा रोध साधारण ४७० ओहम, ७४एचसी४०६६ चा ५० च्या आसपास आणि सीबीटी जातीचा ५. पण डेटाशीटवर विसंबू नका, कारण बाजारात जुनीच ४०६६ घासून वर ‘एचसी’ छापून विकली जाते.

तपासणी सोपी आहे. चिपला ५ व्होल्ट द्या. ४०६६ मध्ये पिन १४ ला ५ व्होल्ट, पिन ७ ग्राउंड. पहिला स्विच पिन १ आणि २ मध्ये आहे, त्याचा कंट्रोल पिन १३. तो ५ व्होल्टला जोडा. बाकीचे कंट्रोल, म्हणजे ५, ६ आणि १२, ग्राउंडला. सीमॉस चिपचा एकही कंट्रोल पिन मोकळा लोंबकळत ठेवायचा नाही. आता प्रीसेटमधून पिन १ ला व्होल्टेज द्या आणि पिन २ पासून ग्राउंडला १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. दोन व्होल्टेज मोजा: पिन १ आणि २ मधले, आणि रेझिस्टरवरचे. पहिल्याला दुसऱ्याने भागून १००० ने गुणलेत की स्विचचा रोध मिळाला. करंट मोजायची गरज नाही.

हे पिन १ वर १, २, ३ आणि ४ व्होल्ट ठेवून चार वेळा करा आणि आकडे वहीत उतरवा. इथेच चिपचा स्वभाव कळतो. ४०६६ मध्ये एन आणि पी असे दोन ट्रान्झिस्टर समांतर असतात, त्यामुळे रोध व्होल्टेजप्रमाणे वरखाली होतो पण कुठेच तुटत नाही. सीबीटीमध्ये फक्त एन ट्रान्झिस्टर. खालच्या व्होल्टेजला रोध छान कमी आणि सपाट, पण ४ व्होल्टच्या आसपास पोचलात की तो झपाट्याने वाढतो. सिग्नल आत आल्यावर स्विचवरचे व्होल्टेज सतत हलत असते, आणि त्याबरोबर रोधही हलला तर तिथेच विकृती जन्म घेते. पुढे आयपी३ मोजाल तेव्हा हा कागद पुन्हा उघडावा लागेल.

‘७४एचसी’ छापलेली चिप ५ व्होल्टवर शेकडो ओहम दाखवत असेल तर ती बाजूला काढा. सीबीटीसाठी एवढेच लक्षात ठेवा की तिचा कंट्रोल उलटा चालतो, पिन ग्राउंडला नेला की स्विच चालू. पहिला स्विच पिन २ आणि ३ मध्ये, त्याचा कंट्रोल पिन १. न वापरलेले कंट्रोल, ४, १० आणि १३, ५ व्होल्टला बांधायचे. सप्लाय पुन्हा १४ आणि ७ वरच.

ट्रान्सफॉर्मर

सर्किट शक्य तितके साधे ठेवू. एक ट्रान्सफॉर्मर, दोन स्विच. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेढ्यांची दोन टोके सिग्नलची सुलट आणि उलट अशी दोन रूपे देतात. एलओच्या अर्ध्या चक्रात एक स्विच सुलट रूप बाहेर पाठवतो, उरलेल्या अर्ध्यात दुसरा उलट रूप. सिग्नल सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट झाला की त्याच्यातून बेरीज आणि वजाबाकीच्या फ्रिक्वेन्सी निघतात. मिक्सिंग म्हणतात ते एवढेच.

तीन वेगवेगळ्या रंगांच्या एनॅमल तारा घ्या, सेंटिमीटरला दोन-तीन पीळ पडतील अशा वळा आणि टोरॉइडवर १० वेढे घाला. भोकातून तार एकदा गेली की एक वेढा मोजायचा. एक तार प्रायमरी. उरलेल्या दोघींपैकी एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडा, हा मधला टॅप. कोणते टोक कोणाचे हे मल्टिमीटरने तपासून मगच डाग द्या. चुकून दोन सुरुवाती जोडल्या गेल्या तर दोन्ही टोकांना सिग्नल एकाच दिशेचा येईल आणि मिक्सिंग होणारच नाही. त्याची खूण पक्की आहे: आऊटपुटवर मूळ ७.१ मेगाहर्ट्झ धडधडीत दिसते आणि हवी असलेली फ्रिक्वेन्सी जवळपास गायब.

मधल्या टॅपला बायस द्यायचा. प्रीसेटच्या मधल्या पायावरून २.५ व्होल्ट आणा आणि तिथेच ०.१ आणि १० मायक्रोफॅरड असे दोन कपॅसिटर ग्राउंडला लावा. बायस नसेल तर सिग्नलचा ऋण अर्धा भाग शून्याखाली जातो आणि चिपच्या आतले डायोड तो कापायला बघतात. लहान सिग्नलला ते जाणवत नाही, मोठा सिग्नल आला की घोटाळा होतो. अनेक साध्या सर्किटांमध्ये हा बायस गाळलेला दिसतो आणि मग खापर चिपवर फुटते.

एलओ: इथेच बहुतेक जण अडखळतात

एसआय५३५१ चा आऊटपुट ३.३ व्होल्टचा. ५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसी४०६६ ला कंट्रोल ‘हाय’ आहे असे खात्रीने वाटायला ३.५ व्होल्ट लागतात. मॉड्यूल थेट जोडले तर चिप कधी चालेल, कधी अर्धवट चालेल, कधी हात लावल्यावर चालेल. सीबीटी २ व्होल्टलाही हाय समजते, तिला ही अडचण नाही. म्हणूनच ‘एचसी भंगार, सीबीटी भारी’ अशी मते ऐकू येतात, जी खरे तर एलओच्या पातळीबद्दल असतात.

मधे ७४एचसीटी८६ बसवा. ती २ व्होल्टला हाय मानते आणि पूर्ण ५ व्होल्टचा आऊटपुट देते. शिवाय एलओ सुलट आणि उलट असा दोन्ही लागतो, तोही इथेच मिळतो. एसआय५३५१ चा सिग्नल पिन १ आणि ४ ला द्या. पिन २ ग्राउंडला, पिन ५ पाच व्होल्टला. मग पिन ३ वर सुलट आणि पिन ६ वर उलट एलओ मिळतो, आणि दोन्ही एकाच जातीच्या गेटमधून आल्याने त्यांचा उशीरही जवळपास सारखा. साध्या इन्व्हर्टरने उलट रूप काढले तर ते सुलट रूपापेक्षा काही नॅनोसेकंद मागे पडते, म्हणून ही युक्ती. उरलेले इनपुट ९, १०, १२ आणि १३ ग्राउंडला. ०.१ मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर चिपच्या पिन १४ आणि ७ ला अगदी खेटून.

एलओचा चालू आणि बंद काळ सारखा आहे का, हे ऑसिलोस्कोपशिवाय कळते. पिन ३ पासून १० किलोओहमचा रेझिस्टर आणा, त्याच्या पुढे ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला लावा आणि कपॅसिटरवरचे डीसी व्होल्टेज मोजा. सप्लायच्या बरोबर निम्मे आले की ड्यूटी ५० टक्के. पिन ६ वरही बघा.

४०६६ साठी पिन ३ चा एलओ कंट्रोल १३ ला, पिन ६ चा एलओ कंट्रोल ६ ला. ट्रान्सफॉर्मरची दोन टोके पिन १ आणि ८ ला. पिन २ आणि ९ एकत्र करून ०.१ मायक्रोफॅरडमधून आऊटपुट. सीबीटीवर कंट्रोल १ आणि १०, टोके पिन २ आणि ९ ला, आऊटपुट पिन ३ आणि ८ वरून.

कन्व्हर्जन लॉस: दोन एलओंची युक्ती

सिग्नल ७.१ मेगाहर्ट्झ, आयएफ (मिक्सरमधून बाहेर पडणारी, आपल्याला हवी असलेली फ्रिक्वेन्सी) ४.० मेगाहर्ट्झ ठरवू. ही आयएफ दोन वाटांनी मिळते: एलओ ३.१ ठेवला तर ७.१ वजा ३.१, आणि एलओ ११.१ ठेवला तर ११.१ वजा ७.१. सिग्नल तोच, आयएफ तीच, ट्रान्सफॉर्मर तोच. बदलतो फक्त स्विच उघडण्या-मिटण्याचा वेग. म्हणजे ३.१ वर जो लॉस दिसेल तो मुख्यतः रोधाचा, आणि ११.१ वर त्यात जी भर पडेल ती चिपच्या आळसाची. दोन दोष वेगवेगळे करून दाखवणारी याहून स्वस्त चाचणी मला माहीत नाही.

सिग्नल देणाऱ्या मॉड्यूलनंतर लो-पास फिल्टर लावा, कारण चौकोनी लहरीत हार्मोनिक भरपूर असतात. ग्राउंडला २२० पिकोफॅरड, मग टी३७-६ टोरॉइडवर २२ वेढे, ग्राउंडला ६८०, पुन्हा २२ वेढे, ग्राउंडला २२०. हा फिल्टर ९ मेगाहर्ट्झच्या आसपास कापायला लागतो. त्यानंतर १० डीबीचे तीन पॅड (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारी रेझिस्टरांची जोडणी), म्हणजे सिग्नल −२० डीबीएमच्या आसपास येईल. एक पॅड म्हणजे १०० ओहम ग्राउंडला, ६८ मालिकेत, १०० ग्राउंडला. मिक्सरच्या दोन्ही बाजूंना ६ डीबीचा एकेक पॅड: १५०, ३९, १५०. हे दोन पॅड चैन म्हणून नाहीत. मिक्सरमधून नको असलेली बेरीजही निघते आणि तिला ५० ओहम दिसले नाहीत तर ती परत फिरून मिक्सरमध्येच गोंधळ घालते.

आधी मिक्सर वगळून दोन पॅड एकमेकांना जोडा आणि टायनीएसएवर ७.१ ची पातळी लिहून घ्या. मग मध्ये मिक्सर घाला आणि ४.० ची पातळी लिहा. दोन्हींमधला फरक म्हणजे कन्व्हर्जन लॉस. पॅड, केबल, कनेक्टर सगळे दोन्ही वेळा तेच असल्यामुळे त्यांचा हिशेब आपोआप कटतो.

किती यायला हवा? आदर्श स्विचला ३.९ डीबी, त्याखाली हे सर्किट जाऊ शकत नाही. त्यात रोधाची भर. ५० ओहमच्या दोन बाजूंमध्ये रोध मालिकेत बसतो, म्हणून १०० अधिक रोध भागिले १०० याचा लॉगॅरिदम काढून २० ने गुणायचा. ५ ओहमला ०.४ डीबी, ५० ओहमला ३.५, ४७० ओहमला १५.१. म्हणजे सीबीटीने साधारण ४.३, एचसीने ७.४ आणि जुन्या ४०६६ ने १९ डीबी द्यायला हवा. ट्रान्सफॉर्मरसाठी अर्धा-एक डीबी वर धरा. पहिल्या पायरीत मोजलेला तुमचा स्वतःचा रोध या सूत्रात घाला. मोजलेला लॉस हिशेबापेक्षा दोन-तीन डीबींनी जास्त आला तर चिपकडे बघू नका, जोडणी बघा.

आता एलओ ११.१ करा. सीबीटी जवळपास हलणार नाही. एचसी थोडी घसरेल. सीडी४०६६बी मात्र इथे कोलमडेल, कारण तिचा कंट्रोल ५ व्होल्टवर जेमतेम काही मेगाहर्ट्झपर्यंतच धावतो. सप्लाय वाढवला तर ती थोडी सुधारते, पण मग एलओही १० किंवा १२ व्होल्टचा लागतो. ८० मीटर पट्ट्यापर्यंत, केवळ हौस म्हणून, ती ठीक.

एचसीकडून आणखी काढायचे असेल तर तिचे चारही स्विच कामाला लावा. पिन १ ला ४ आणि २ ला ३ जोडा, तसेच ८ ला ११ आणि ९ ला १०. कंट्रोल १३ ला ५ आणि ६ ला १२ जोडा. त्याआधी ५ आणि १२ ग्राउंडपासून सोडवायला विसरू नका, नाही तर एलओच शॉर्ट होईल. दोन-दोन स्विच समांतर आल्याने रोध निम्मा, लॉस साधारण ५.८ डीबी. दुसरी वाट म्हणजे ट्रान्सफॉर्मरने सगळा कारभार २०० ओहमला नेणे. तिथे ५० ओहमचा रोध फक्त १ डीबी खातो, पण मग आयएफच्या बाजूलाही २०० ओहम हवेत.

गळती

आयएफच्या बाजूला टायनीएसए तसाच ठेवून ७.१ वर बघा. सिग्नल थेट किती निसटतो? ड्यूटी बरोबर ५० टक्के असेल आणि दोन्ही स्विच जुळे असतील तर तो जवळपास नाहीसा होतो. ड्यूटी ५२ टक्के झाली की गळती आत येणाऱ्या सिग्नलच्या फक्त २८ डीबी खाली येते. म्हणून हा आकडा खराब आला तर आधी एलओचे निम्मे व्होल्टेज पुन्हा मोजा.

मग उलट बाजू. आयएफला ५० ओहम लावा आणि टायनीएसए सिग्नलच्या बाजूला जोडून एलओ किती मागे येतो ते पाहा. हाच एलओ उद्या अँटेनातून बाहेर पडणार आहे. कंट्रोलच्या तारा ट्रान्सफॉर्मरपासून लांब आणि आखूड ठेवल्या की तो बराच कमी होतो. तपासणी चालू असताना अँटेना जोडायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. भारतात प्रक्षेपणाला परवाना लागतो, आणि अँटेना लावलेला जनरेटर म्हणजे प्रक्षेपकच.

दोन-सुरी चाचणी

सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात मोलाची. दोन वेगळी मॉड्यूल घ्या, एकाच एसआय५३५१ चे दोन आऊटपुट वापरू नका, ते चिपच्या आतच एकमेकांत मिसळतात. एकावर ७.१००, दुसऱ्यावर ७.१२०. प्रत्येकाला स्वतःचा लो-पास फिल्टर आणि १० डीबी पॅड. मग १७ ओहमच्या आसपासचे तीन रेझिस्टर चांदणीसारखे जोडून दोन्ही सिग्नल एकत्र करा. ४७ आणि २७ समांतर जोडले की १७ मिळतात. पुढे ६ डीबी पॅड आणि मिक्सर. एलओ ११.१.

आयएफवर ४.००० आणि ३.९८० असे दोन उंच सूर दिसतील. त्यांच्या दोन्ही बाजूंना, ४.०२० आणि ३.९६० वर, दोन बुटके दिसले तर तीच आपली भुते. टायनीएसएचे रिझोल्यूशन ३ किलोहर्ट्झवर ठेवा म्हणजे सगळे सुटे दिसेल.

भुते खरोखर मिक्सरचीच आहेत का, हे आधी पडताळा. टायनीएसएचा आतला ॲटेन्यूएटर १० डीबीने वाढवा. सूर आणि भुते यांच्यातले अंतर तेच राहिले तर भुते मिक्सरची. अंतर वाढले तर भुते ॲनालायझरनेच तयार केली होती. ही पायरी गाळून काढलेला आयपी३ चा आकडा कोणी सांगितला तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

हिशेब असा. समजा मिक्सरच्या तोंडाशी प्रत्येक सूर −१२ डीबीएम आहे आणि कन्व्हर्जन लॉस ७ डीबी, म्हणजे मिक्सरमधून बाहेर पडताना −१९. भुते −८५ वर दिसली. अंतर ६६, त्याचे निम्मे ३३. −१९ मध्ये ३३ मिळवले की आऊटपुट आयपी३ +१४ डीबीएम, त्यात लॉसचे ७ मिळवले की इनपुट आयपी३ +२१. शेवटच्या पॅडमध्ये गेलेले ६ डीबी वाचनात परत मिळवायला विसरू नका.

आता बायसचा प्रीसेट हळूहळू फिरवा आणि भुतांकडे बघत राहा. सूर तिथेच राहतात, भुते मात्र वरखाली होतात. पहिल्या पायरीतला रोधाचा कागद इथे काढा. जिथे रोध व्होल्टेजप्रमाणे कमीत कमी बदलत होता, त्याच्या आसपास भुते सर्वांत बुटकी सापडायला हवीत. सीबीटीवर हे ठिकाण बहुधा २.५ च्या खाली असते, कारण वरच्या बाजूला तिचा रोध वाढतो. एका प्रीसेटच्या वळणाने जे मिळते ते पुष्कळदा महागड्या चिपनेही मिळत नाही.

सीबीटीवर भुते दिसलीच नाहीत तर आनंद माना, पण आकडा छातीठोकपणे सांगू नका. ॲनालायझरच्या तळापर्यंत अंतर मोजा आणि ‘निदान इतका’ एवढेच लिहा. एच-मोड मिक्सरचे +४० डीबीएमच्या वरचे आकडे मोजायला लागणारी साधने वेगळीच असतात. त्या मिक्सरमध्ये स्विचचे एक टोक थेट ग्राउंडला असते, त्यामुळे सिग्नल कितीही हलला तरी स्विचवरचे व्होल्टेज फारसे हलत नाही. आपल्या साध्या सर्किटाची ती बरोबरी होणार नाही.

कानाची परीक्षा

आकडे जमले की मगच अँटेना. एलओ ७.१ वर आणा. आऊटपुटपासून ग्राउंडला ०.०४७ मायक्रोफॅरड लावा, बायसवरचा १० मायक्रोफॅरड काढून १०० लावा आणि पुढे १० किलोओहम किंवा जास्त इनपुट असलेला चांगला ऑडिओ ॲम्प्लिफायर जोडा. हा झाला डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर. सिग्नलच्या बाजूला ७ मेगाहर्ट्झचा बँड-पास फिल्टर हवाच. चौकोनी एलओच्या तिसऱ्या हार्मोनिकमुळे नाहीतर २१ मेगाहर्ट्झही ऐकू येईल.

अंधार पडल्यावर, प्रसारण केंद्रे भरात असताना एलओ ७.० ते ७.२ मध्ये फिरवा. एखाद्या केंद्राचे बोलणे किंवा गाणे एलओ कुठेही नेला तरी तसेच मागे ऐकू येत असेल, तर मिक्सर एलओच्या मदतीशिवायच ते एएम उलगडतो आहे. दोन बाजू जुळत नाहीत किंवा बायस घसरला आहे असा त्याचा अर्थ. एखादा आवाज मात्र एलओच्या एकाच जागी ऐकू येतो आणि तो खरा की भूत याची शंका आहे, अशा वेळी अँटेनापाशी १० डीबीचा पॅड घाला. खरा सिग्नल १० डीबीने उतरतो. भूत ३० डीबीने उतरते, म्हणजे बहुधा ऐकूच येईनासे होते.

माझी निवड विचाराल तर पहिला रिसीव्हर बांधणाऱ्याने चारही स्विच समांतर लावलेली एचसी४०६६ घ्यावी. डीआयपीमध्ये मिळते, सॉकेटमध्ये बसते, जळली तर हळहळ नाही आणि १४ मेगाहर्ट्झपर्यंत समाधान देते. एसएमडीला डाग द्यायचा हात बसला की सीबीटी. मग तिच्याच जातीची एफएसटी३२५३ घेऊन आय आणि क्यू असे, एकमेकांपासून पाव चक्राने सरकलेले, दोन आऊटपुट काढणारा डिटेक्टर बांधता येतो. त्यासाठी एलओ चौपट फ्रिक्वेन्सीचा, ७.१ साठी २८.४ मेगाहर्ट्झ, ७४एसी७४ मधून भागून घ्यायचा. आणि त्या ७४एसी७४ लाही ५ व्होल्टवर चालवलेत तर ३.३ चा सिग्नल पुरत नाही, तेव्हा मधे एक वेगवान एसीटी जातीचे गेट ठेवा.